बाक पुसून फ्लू थांबत नाही: मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

राज्यातील शाळांचे मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे पालक-सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. जूनमध्ये शाळा उघडल्या आणि पंधरवडा उलटला की सर्दी, खोकला, ताप घेऊन मुले येऊ लागतात आणि गणपतीपर्यंत हा ओघ थांबत नाही. बहुतेक वेळा एकाच वर्गातली चार-पाच मुले आठवडाभराच्या अंतराने येतात. त्याच सुमारास पालकांच्या मोबाइलवर शाळेचे निरोप येतात: वर्गखोल्यांत जंतुनाशक फवारणी करून घेतली आहे, बाके रोज पुसली जात आहेत, प्रत्येक मुलाने सॅनिटायझरची बाटली सोबत आणावी, वह्या-पेन्सिलींची देवाणघेवाण करू नये.

या निरोपांमागची तळमळ मला दिसते. शिपाईमामा सकाळी साडेसहाला येऊन साठ बाके पुसतात, हेही मी पाहिले आहे. पण ही मेहनत आणि हा पैसा जिथे रोग पसरतो तिथे लागत नाही. फ्लू, कोविड, गोवर आणि बऱ्याचशा साध्या सर्दीचे विषाणू एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात ते मुख्यतः श्वासातून, वर्गातल्या सामाईक हवेतून. बाक, दाराची कडी, वही, जिन्याचा कठडा यांचा वाटा त्यात फार लहान आहे. फवारणी झालेल्या वर्गाच्या खिडक्या बंद असतील तर आपण मुलांना सुरक्षित केलेले नाही, आणि पालकांना मात्र तसे सांगितले आहे. माझी तक्रार एवढ्यापुरतीच आहे, पण ती मनापासूनची आहे.

वस्तूंची भीती आपल्या मनात एवढी खोल कशी रुजली, हे आधी पाहू. मार्च २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोविडचा विषाणू प्लास्टिकवर आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि तांब्यावर ४ तासांपर्यंत जिवंत सापडतो, असे त्यात होते. बातम्यांत फक्त ७२ तास उरले. आपण दुधाच्या पिशव्या धुतल्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली, नोटांना इस्त्री केली. एप्रिल २०२० मध्ये महाराष्ट्रात वर्तमानपत्रे छापायला परवानगी होती, पण घरोघरी टाकायला मनाई होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले, आणि घरपोच वितरण टप्प्याटप्प्याने सुरू होता होता जून उजाडला. पेपर टाकणाऱ्या पोरांचे त्या दोन महिन्यांतले उत्पन्न बुडाले ते एका कागदी भीतीपायी. त्याआधी, मार्चच्या अखेरीस, बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर हायपोक्लोराइट या जंतुनाशक रसायनाचे पाणी मारले गेले. माणसांवर अशी फवारणी करू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला १८ एप्रिलला लेखी सांगावे लागले.

त्या ७२ तासांचा अर्थ काय होता? प्रयोगशाळेत विषाणूचा भरपूर मोठा साठा पृष्ठभागावर ठेवला होता. स्टीलवर दर साडेपाच-सहा तासांनी त्यातला निम्मा निकामी होत होता आणि तिसऱ्या दिवशी जेमतेम काही शिल्लक होते. रटगर्स विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एमॅन्युएल गोल्डमन यांनी जुलै २०२० मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला. अशा प्रयोगांत विषाणूचे जेवढे प्रमाण वापरतात, तेवढे खोकल्या-शिंकल्याने दाराच्या कडीवर कधी पडत नाही. शिवाय कडीवर विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय अंश) सापडणे आणि रोग देऊ शकेल असा जिवंत विषाणू सापडणे यांत मोठे अंतर आहे. कडीवरून नाकापर्यंतची वाटही लांब आहे. थेंब पडायचा, वाळूनही टिकायचा, बोटाला लागायचा, त्वचेवर तग धरायचा, आणि मग ते बोट नाकात किंवा डोळ्यात जायचे. प्रत्येक पायरीवर विषाणूची मोठी गळती होते. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने उपलब्ध अभ्यास तपासून सांगितले की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने कोविड होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी आहे.

हे फक्त कोविडचे नाही. मला सगळ्यांत बोलका वाटतो तो विस्कॉन्सिन विद्यापीठात इलियट डिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. साध्या सर्दीचा विषाणू, ऱ्हायनोव्हायरस, हाताने पसरतो की हवेने, हा प्रश्न होता. त्यांनी सर्दी झालेल्या आणि न झालेल्या पुरुषांना एका खोलीत बारा-बारा तास पत्ते खेळायला बसवले. निरोगी खेळाडूंपैकी काहींच्या गळ्यात मोठी प्लास्टिकची कॉलर घातली किंवा हातांना असे पट्टे बांधले की हात चेहऱ्यापर्यंत पोहोचूच नयेत. बाकीचे मोकळे होते, हवे तेव्हा नाक चोळत होते. मोकळ्यांपैकी १८ जणांतल्या १२ जणांना सर्दी झाली. हात अडवलेल्यांपैकी १८ जणांतल्या १० जणांना झाली. म्हणजे चेहऱ्याला हात न लावल्याने म्हणावा असा फायदा झाला नाही.

पुढचा भाग याहून महत्त्वाचा आहे. सर्दी झालेल्या आठ जणांनी बारा तास हाताळलेले पत्ते, चकत्या आणि पेन्सिली दुसऱ्या खोलीतल्या १२ निरोगी माणसांना खेळायला दिल्या. या वेळी हवा सामाईक नव्हती, फक्त वस्तू सामाईक होत्या. बारापैकी एकालाही सर्दी झाली नाही. बाके पुसण्याचा ठराव करण्याआधी समितीने हा प्रयोग एकदा तरी आपसात वाचून चर्चेला घ्यावा, असे मला वाटते.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ती झाकून ठेवली तर माझ्या म्हणण्यावर तुम्ही विश्वास का ठेवावा? १९८२ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात जॅक ग्वाल्टनी आणि ओवेन हेंडली यांनी कपाच्या कानाला ऱ्हायनोव्हायरस लावून तो स्वयंसेवकांना हाताळायला दिला आणि लगेच नाक-डोळ्यांना बोट लावायला सांगितले. दहापैकी पाच जणांना संसर्ग झाला. म्हणजे वाट आहे, पण ती पार करायला ताजा विषाणू आणि मुद्दाम नाकात घातलेले बोट लागले. आरएसव्ही हा तान्ह्या बाळांच्या छातीत उतरणारा विषाणू तर स्पर्शाला अधिक वाव देतो. अमेरिकेत रॉचेस्टरमध्ये कॅरोलाइन हॉल यांनी १९८१ मध्ये दाखवले की आजारी बाळाला कुशीत घेणाऱ्या ७ जणांपैकी ५ जणांना, आणि बाळ खोलीत नसताना नुसत्या त्याच्या पाळण्याला-वस्तूंना हात लावून मग स्वतःच्या नाक-डोळ्यांना लावणाऱ्या १० जणांपैकी ४ जणांना लागण झाली. बाळापासून दूर बसलेल्या १४ जणांपैकी कुणालाही झाली नाही. म्हणून बालवाडीत, अंगणवाडीत, जिथे शेंबडे नाक आणि चघळलेले खेळणे दोन मिनिटांत या मुलाकडून त्या मुलाकडे जाते, तिथे खेळणी साबणाने धुणे योग्य आहे. तिथे मी हात आखडता घ्या असे म्हणणार नाही.

आणि साबणाने हात धुणे तर कुठेच सोडू नका. कराचीतल्या गरीब वस्त्यांमध्ये झालेल्या, २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात साबण देऊन हात धुण्याची सवय लावलेल्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्यावर आला आणि जुलाबही निम्म्याहून कमी झाले. जगभरच्या चाचण्या एकत्र केल्या तर श्वसनाच्या आजारांवरचा परिणाम बराच कमी, सुमारे १४ टक्के, दिसतो. तोही मिळत असेल तर घ्यावा, आणि जुलाब, कावीळ, जंत यांच्यासाठी तर साबणाला पर्यायच नाही. पण शाळेच्या नळाला पाणी आणि नळापाशी साबण असणे ही एक गोष्ट, आणि कंत्राटदाराला बोलावून वर्गात धूर सोडणे ही वेगळी. पहिलीला पैसे नाहीत म्हणून साबणाची वडी दिसत नाही आणि दुसरीवर खर्च होतो, असे घडते तेव्हा मला फार वाईट वाटते. त्यात फवारणीनंतर त्या वासाने दम्याच्या मुलांना धाप लागते, ते वेगळेच.

हवेकडे येतो. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी पडली की बाहेरच्या खोलीत बसलेल्याला ठसका लागतो, त्याने कढईला हात लावलेला नसतो. श्वासातून, बोलण्यातून, खोकल्यातून बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण असेच तरंगत खोलीभर पसरतात आणि हवा कोंडलेली असेल तर साठत जातात.

मार्च २०२० मध्ये सेऊलच्या एका इमारतीत हजाराहून जास्त लोकांची तपासणी झाली. अकराव्या मजल्यावरच्या कॉल सेंटरमध्ये २१६ पैकी ९४ जण बाधित निघाले, आणि त्यांतले बहुतेक मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे होते. लिफ्टची बटणे आणि खालचे दरवाजे सगळी इमारत वापरत होती. तरी बाकी सर्व मजले मिळून फक्त तिघे बाधित सापडले. त्याच महिन्यात अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायकवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. ६१ जण आले होते, त्यांतल्या ५३ जणांना कोविड झाला आणि दोघे दगावले. शाळेचेच उदाहरण हवे असेल तर १९७४ सालचे आहे. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळच्या एका प्राथमिक शाळेत गोवर आलेल्या एका मुलीपासून १४ वेगवेगळ्या वर्गांतल्या २८ मुलांना गोवर झाला. यातली बहुतेक मुले तिच्या वर्गात कधी बसलीच नव्हती. शाळेच्या वायुवीजन यंत्रणेतून तीच हवा सगळीकडे फिरत होती. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराने मुले दगावली, ते आपण विसरलेलो नाही. गोवरावर लस हाच खरा उपाय, पण हवेचा धडा तिथेही तोच आहे.

आरोग्य यंत्रणांनी हे मान्य करायला फार वेळ लावला. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने ठणकावून सांगितले होते की कोविड हवेतून पसरत नाही. जुलैमध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांच्या पुढाकाराने २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर आवाहन केले, आणि तरी संघटनेची भाषा नीट बदलायला २०२१ उजाडले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, सूक्ष्म कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि खिडक्या-दारे उघडी ठेवा, असे स्पष्ट सांगितले. पण तोवर बाटल्या, फवारे आणि माणसांवर जंतुनाशक उडवणारे बोगदे घेऊन झाले होते, आणि घेतलेल्या सवयी तशाच राहिल्या. शाळांनी त्या स्वतःहून शोधल्या नाहीत, वरून आलेल्या सूचना पाळल्या. म्हणून दोष शाळांना देण्यात मला काही अर्थ वाटत नाही. पण बदल आता शाळांनाच करता येईल.

आता आपल्या वर्गखोल्यांबद्दल. थंड देशांत श्वसनाचे आजार हिवाळ्यात वाढतात. पुण्यासह आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, आणि नेमके तेव्हाच सरी आत येतात म्हणून आपण खिडक्या लावून घेतो. जुन्या कौलारू शाळांत आढ्याखाली झरोके असत, समोरासमोर लाकडी खिडक्या असत, पावसातही वारा खेळे. नव्या इमारतींत सरकत्या काचांच्या खिडक्या आल्या. त्या कितीही उघडल्या तरी निम्मीच जागा मोकळी होते. वरचे झरोके पुठ्ठा लावून किंवा तक्ते टांगून बंद केलेले असतात. संगणक कक्षात आणि डिजिटल वर्गात एसी असतो म्हणून सगळे गच्च बंद. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा सोडतो. छताचा पंखाही आतलीच हवा ढवळतो. हवा बाहेर फेकायची असेल तर उघडी खिडकी हवी, नाहीतर एक्झॉस्ट पंखा हवा.

हवा किती कोंडली आहे हे मोजता येते. कार्बन डायऑक्साइड मोजणारा छोटा मीटर काही हजार रुपयांत मिळतो. एनडीआयआर सेन्सर (अवरक्त प्रकाशाने वायू मोजणारा) असलेलाच घ्या. मोकळ्या मैदानात त्याने साधारण ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास आकडा दाखवला पाहिजे. आपल्या उच्छ्वासात तो सुमारे ४०,००० असतो. म्हणून वर्गात मीटर १,२०० दाखवत असेल, तर आत घेतलेल्या हवेचा जवळजवळ दोन टक्के भाग कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला आहे, म्हणजे मूल घेते त्या पन्नास श्वासांतला एक श्वास दुसऱ्याचा आहे. दारे-खिडक्या बंद असलेल्या भरल्या वर्गात आकडा २,००० च्या पुढे सहज जातो. तिथे पंचविसातला एक. ८०० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करावा. प्रत्येक वर्गाला मीटर लागत नाही. शाळेला एक पुरतो, आठवीच्या मुलांकडे द्या. ती वर्गावर्गात फिरून तक्ता करतील, आलेख काढतील, आणि कुठली खिडकी उघडल्यावर आकडा किती उतरतो हे शिक्षकांना तीच सांगतील. यापेक्षा चांगला विज्ञान प्रकल्प मला सुचत नाही.

फायदा होतो याला पुरावा आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या १६९ प्राथमिक शाळांची २०२० च्या अखेरीस पाहणी झाली. वायुवीजन सुधारलेल्या शाळांत कोविडचे प्रमाण इतर शाळांच्या तुलनेत ३९ टक्के कमी होते, आणि त्या सुधारणांत खिडक्या-दारे उघडणे आणि पंखे लावणे यांचाही समावेश होता.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. समोरासमोरचे दार आणि खिडक्या शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत उघड्या राहाव्यात. पाऊस ज्या बाजूने झोडपतो ती बाजू लावावी, दुसरी उघडी ठेवावी. वरचे झरोके या महिन्यातच मोकळे करावेत, त्याला एक शिडी आणि अर्धा दिवस पुरतो. ज्या खिडक्यांवर छज्जा नाही तिथे पत्र्याचा छज्जा बसवावा. दोन्ही बाजूंनी वारा येत नाही अशा खोल्यांत एक्झॉस्ट पंखा बसवावा, आणि त्याची सुरुवात संगणक कक्षापासून करावी. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा करून सगळे सताड उघडावे. पावसाळ्यात परिपाठ बंद सभागृहात सगळ्या शाळेला एकत्र बसवून घेऊ नये. व्हरांड्यात किंवा आपापल्या वर्गात घ्यावा. मोठ्याने गाताना आणि पाढे म्हणताना कण कितीतरी जास्त बाहेर पडतात. पाढे जरूर म्हणून घ्या, फक्त खिडक्या उघड्या ठेवून.

डासांचा आक्षेप खरा आहे. डेंग्यूचा डास दिवसाच चावतो. म्हणून जाळी लावा. जाळीने वारा थोडा कमी होतो, पण बंद काचेपेक्षा ती शतपटीने बरी. रस्त्याच्या आवाजाचा प्रश्न असेल तिथे मैदानाकडची बाजू उघडी ठेवावी. चोरीची भीती रात्रीची आहे, शाळा सुटताना खिडक्या लावता येतात.

आणखी एक, आणि यावर मी हट्ट धरणार आहे. शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस बंद करा. तापाने फणफणलेल्या मुलाला औषध पाजून शाळेत पाठवणारी आई मला दर पावसाळ्यात भेटते, आणि कारण विचारले की बक्षीस सांगते. फ्लू झालेले मूल ताप येण्याच्या आदल्या दिवसापासून विषाणू सोडत असते आणि पुढे अनेक दिवस सोडते. ताप औषधाशिवाय उतरून चोवीस तास झाले की मगच शाळेत पाठवा, असा निरोप फवारणीच्या निरोपाऐवजी पाठवा. बुडालेला अभ्यास भरून देण्याची जबाबदारी शिक्षकांनी घेतली तर पालक ऐकतात. मजुरीला जाणाऱ्या आईवडिलांना मूल घरी ठेवणे अवघड असते, हे मला माहीत आहे. अशा मुलाला शाळेत यावेच लागले तर मास्क द्या आणि खिडकीजवळ बसवा. पण बक्षिसाने त्याला ओढून आणू नका.

पैशाचे म्हणाल तर केंद्राच्या 'समग्र शिक्षा' योजनेच्या निकषांनुसार १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५० हजार रुपयांचे संयुक्त शाळा अनुदान ठरलेले आहे आणि त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा आहे. ते अनुदान पूर्ण आणि वेळेवर हातात पडत नाही, अशी मुख्याध्यापकांची तक्रार मी ऐकतो. म्हणूनच जे येते त्याचा क्रम ठरवायला हवा: आधी साबण आणि पाणी, मग जाळ्या, छज्जे, एक्झॉस्ट पंखे, मग मीटर. बाके आठवड्यातून एकदा साध्या ओल्या फडक्याने पुसली तरी पुरे. फवारणीचे कंत्राट यादीतून काढून टाका.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे हा ठराव करायला वरून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर 'वर्गखोल्यांतील हवा' हा विषय घ्या. आमच्या तालुक्यातल्या शाळांनी बोलावले तर माझा मीटर घेऊन मी येईन. सभा दुपारी चारनंतर ठेवली तर दवाखान्यातून निघणे मला जमेल.

आपला विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ